डोलवी नॅशनल पार्क

माझा भाचा शिकागोला असतो आणि त्याला अमेरिकेतली सगळीच्या सगळी नॅशनल पार्कं बघायची आहेत. सगळी म्हणजे 63. आमच्या घराण्यात आजवर आकडा धरून काही बघितलं गेलं असेल तर ते अष्टविनायक. त्यातही माझी एक आत्या अशी, की तिचे बाकीचे सगळे झाले, पण पालीचा बल्लाळेश्वर ‘हा काय, इथेच तर आहे, कधीही जाऊ’ म्हणता म्हणता राहिला तो राहिलाच. अशा घरातला मुलगा अलास्काच्या विमानांचे दर बघायला लागला की मामाने काय करायचं? मामाने फोनवर ‘वा वा’ म्हणायचं आणि फोन ठेवल्यावर मामीकडे बघायचं.

अष्टविनायकांचं एक बरं असतं, आठ म्हणजे आठ. आजोबांच्या वेळी आठ होते, आमच्या वेळीही आठच आहेत. अमेरिकेत मात्र कशाला नॅशनल पार्क म्हणायचं हे त्यांची संसद ठरवते, आणि संसद भरली की ती काहीतरी ठरवणारच. भाच्याने पण केला तेव्हा आकडा 59 होता. 2018 साली सेंट लुईसची कमान पार्क झाली. 2019 मध्ये दोन वाढली. 2020 संपता संपता वेस्ट व्हर्जिनियातलं न्यू रिव्हर गॉर्ज आलं, झाली 63. हा इकडे चार बघून येतो तोवर तिकडे एक वाढलेलं असतं. “मुद्दल फिटत नाही आणि व्याज चढतंय,” असं आमच्या मामीने त्याला तोंडावर सांगितलं. तिचे वडील पतपेढीत होते.

त्या कमानीवरून माझं आणि भाच्याचं पहिल्यांदा वाजलं. 630 फूट उंच कमान, भर शहरात, नदीच्या काठाला. बाहेरून सगळी स्टेनलेस स्टीलची. आतून वर जायला छोटे छोटे डबे, त्यांत माणसं गुडघे जुळवून बसलेली. फोटो बघून मी विचारलं, “अरे, यात पार्क कुठाय?”

“मामा, हेच पार्क. कायद्याने.”

“नदी आणि पोलाद एवढ्यावर भागत असेल तर आमच्या डोलवीने काय घोडं मारलंय?”

ज्यांना डोलवी ठाऊक नाही, म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळला तासभर अडकूनही ज्यांनी आजूबाजूला बघितलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव पेण तालुक्यात. एका अंगाला हमरस्ता, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी आणि मध्ये पोलादाचा कारखाना. खाडीतून भरतीचं बघून बार्ज येतात, कोळसा आणि खनिज उतरवतात. भोवती खारेपाट: बांध, भातखाचरं, तिवरं. तिवरांत बगळे आणि खंड्या, चिखलात निवटे आणि चिंबोऱ्या. माझी नोकरी सगळी कारखान्यात गेली. फर्स्ट शिफ्टला जाताना बगळा आणि थर्ड शिफ्टला जाताना कोल्हा, एवढं वन्यजीवन मी पगार घेऊन बघितलेलं आहे.

तेव्हापासून मला खोडच लागली. त्याने तिकडचं पार्क सांगितलं की मी इकडचं काढायचो. तो आर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्ज पार्कात जाऊन आला. चक्क गावात गरम पाण्याचे झरे आणि ओळीने जुनी स्नानगृहं. मी म्हटलं, पालीजवळ उन्हेऱ्याला ये, आंघोळ फुकट. फ्लोरिडाच्या टोकापासून कितीतरी मैल आत समुद्रात ड्राय टॉर्टुगास म्हणून पार्क आहे, तिथे विटांचा प्रचंड किल्ला. दीड कोटीहून जास्त विटा! तिथे बोटीने जाताना त्याला उलट्या झाल्या. मी म्हटलं, मुरूडला ये, जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून नेतो, उलटी व्हायच्या आत पोचशील. डेथ व्हॅलीत 1913 साली 56.7 अंशांची नोंद झाली म्हणून तो कौतुक सांगायला लागला, तर आमच्या रोह्याकडच्या भिऱ्याचा पारा मार्च 2017 मध्ये 46.5 वर गेल्याची बातमी मी त्याला कात्रणासकट पाठवली. दहा अंश कमी भरले हे खरं, पण आमचा मार्चच होता. मे बाकी होता.

यावर भाचा एकदा चिडून म्हणाला, “मामा, तू एकदा येऊन बघच.” मामीने तेवढा एक शब्द पकडला आणि आम्ही गेलो.

आता शिकागोहून जवळचं नॅशनल पार्क कुठलं? इंडियाना ड्यून्स. मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वाळूच्या टेकड्या आणि 24 किलोमीटरचा किनारा. 2019 मध्ये वाढलेल्या दोनांतलं हे एक, फेब्रुवारीतलं. विजेची लोकल थेट पार्कात जाते. गाडीत बसल्यावर मला दिवा-रोहा आठवली, पण इथे मासळीची टोपली दिसेना, म्हणून मामी लगेच गप्प झाली.

आम्ही माहिती केंद्रात गेलो. भाच्याजवळ एक निळं पुस्तक आहे, पार्कांचा पासपोर्ट. 1986 पासून ही पद्धत आहे. पार्कात गेलं की त्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. मारून घ्यायचा हा माझा शब्द. प्रत्यक्षात टेबलावर शिक्का ठेवलेला असतो, शेजारी पॅड, आणि आपला आपण मारायचा. शिक्क्यापाशी माणूस नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. झेरॉक्सची तिसरी प्रत नाही. मी आयुष्यात इतका मोकळा सरकारी शिक्का बघितला नव्हता. भाच्याचं एकदा मारून झाल्यावर मी रुमालावर एक मारून घेतला. मामीने डोळे वटारले नसते तर हातावरही मारला असता.

मग चालत किनाऱ्याकडे निघालो. लाकडी पायवाट, दुतर्फा ओक, मध्येच दलदल. या दलदलीला हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलंय. वाळूत गवत येतं, गवतामागून झुडूप येतं, झुडपामागून झाड येतं हा क्रम त्याने इथल्या टेकड्यांवर फिरून 1899 मध्ये मांडला. भाचा हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होता. मी ऐकत होतो, पण माझं नाक दुसरीकडे होतं. शेवटची टेकडी चढलो, समोर निळंशार पाणी उघडलं, भाचा म्हणाला, “बघ मामा!” आणि मी बघितलं. डाव्या हाताला चिमण्या होत्या. शेड, कन्व्हेयर, खनिजाचे ढीग. आणि वाऱ्यावर तो वास, जो माझ्या युनिफॉर्ममधून कुठल्याही साबणाने कधी गेला नाही.

वीस-बावीस तास विमानात अवघडून, पाय सुजवून, कस्टमवाल्याला लोणच्याची बरणी उघडून दाखवून मी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आलो होतो, आणि समोर डोलवी उभी होती!

मला इतका आनंद झाला की काय सांगू. भाचा बिचारा कॅमेरा फिरवून कारखाना फोटोत येणार नाही असा कोन शोधत होता आणि मी त्याला सांगत होतो, हे अमुक, ते तमुक, तिथे आता शिफ्ट सुटत असेल. शेजारी टॉवेलवर पहुडलेल्या एका गोऱ्या आजोबांनी ते ऐकलं. ते गॅरी नावाच्या शहरातल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले निघाले. मग काय विचारता? माझं इंग्रजी आणि त्यांचे कान, दोन्ही यथातथाच. पण फर्नेस म्हटलं की दोघांचेही हात एकाच उंचीवर जात होते. बार्ज समजावताना मी वाळूत अख्खी धरमतरची खाडी काढली. त्यांच्याकडे मिनेसोटाहून हजार फुटी जहाजं खनिज घेऊन येतात. त्यांनी एक जहाज काढलं ते माझ्या खाडीत मावेना.

खरी मजा भाच्याने परतीच्या गाडीत सांगितली. इथे पार्क करावं हे 1916 पासून घाटत होतं. तेवढ्यात कारखानदारांना याच किनाऱ्यावर बंदर हवं होतं. हूजियर स्लाइड नावाची सुमारे 200 फुटांची टेकडी तर 1920 पर्यंत गाड्या भरभरून काचेच्या कारखान्यांना गेली. अमेरिकेतल्या आज्या ज्यांत फळं मुरवून ठेवायच्या त्या बरण्या होऊन गेली. (मामीला ही एकच पर्यावरणहानी समजण्यासारखी वाटली.) 1952 पासून बायकांनी पुढाकार घेऊन टेकड्या वाचवायची चळवळ चालवली, इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस संसदेत वर्षानुवर्षं भांडले, आणि शेवटी 1966 मध्ये असं ठरलं, की बंदरही व्हावं आणि किनाराही राखावा. म्हणून कारखाना मध्ये आणि दोन्ही बाजूंना पार्क. पार्कातली एक जागा तर पूर्वी पोलाद कारखान्याचीच होती. तिथे आता लोक सहकुटुंब भेळ खायला जावं तसे जातात. फक्त भेळ नसते.

मी खिडकीतून बघत म्हटलं, “म्हणजे कारखाना आहे म्हणून पार्क होत नाही, असं काही नाही.”

“मामा, आता डोलवी काढू नकोस.”

मी काढली. तिथपासून शिकागो येईपर्यंत काढली. अकराशेंहून जास्त जातींच्या वनस्पती त्या वाळूत आहेत म्हणे. आमच्या खारेपाटात किती आहेत हे मोजायला काउल्स आलाच नाही, त्याला आम्ही काय करणार? आमच्याकडे तिवर वाढतं, ते तोडू नये असा फलक लागतो, आणि फलकाला टेकून लोक मोटारसायकली लावतात.

भाच्याने परतफेड केली. “मामा, तुझ्या महाराष्ट्रात नॅशनल पार्कं सहाच आहेत. तू किती बघितलीस?” ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. यांतलं ताडोबा सगळ्यात जुनं, 1955 चं. मी बोरिवलीचं बघितलंय. वनराणीत बसलो होतो, मांडीवर हाच भाचा होता आणि बोगदा आल्यावर रडला होता, हे त्याला आठवण करून दिलं. उरलेली पाच व्याघ्र प्रकल्पांत. जिप्सीतून खाली उतरायचं नाही, आणि वाघ दिसेलच असं नाही. आमच्या रायगड जिल्ह्याच्या वाट्याला सहापैकी एकही नाही. कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्यं. फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, आज तिथे शेकरू या झाडावरून त्या झाडावर जातं आणि रोह्याहून आलेली माणसं मान मोडेपर्यंत वर बघतात. पण भाच्याच्या वहीत त्याला रकाना नाही.

परवा त्याचा फोन आला. आता अलास्का उरलंय. तिथे एकट्यातच आठ पार्कं, त्यांतल्या गेट्स ऑफ द आर्क्टिकमध्ये रस्ता नाही, पायवाटसुद्धा नाही. छोट्या विमानाने सोडतात. “मामा, येतोस?” मी म्हटलं, रस्ता नसलेल्या ठिकाणी जायला आम्हाला विमान कशाला लागतं, आमच्याकडे पावसाळा येतो. मग त्याने काटमाईचं सांगितलं. जुलैत नदीच्या धबधब्यावर अस्वलं उभी राहतात आणि सामन मासे उड्या मारत थेट त्यांच्या तोंडात येतात. तिथे उतरल्या उतरल्या अस्वलांसमोर कसं वागायचं याची शिकवणी लागते. जेवणाचे डबे वाटेल तिथे उघडायचे नाहीत.

मामी आतून येऊन फोनपाशी उभी राहिली. “मासे उडून तोंडात येतात?”

“हो मामी. आणि खूप मासे असले ना, की अस्वलं अख्खा मासा खातच नाहीत. कातडी, मेंदू आणि गाबोळी तेवढी खातात आणि बाकीचा टाकून देतात.”

मामी जिताड्याच्या मुलखातली. अमेरिकेत असताना तिने सामनचा तुकडा एकदाच खाल्ला होता आणि ‘याला चव लावावी लागेल’ एवढाच शेरा दिला होता. पण गाबोळी म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला.

“गाबोळी खातात? कळतंय हो त्यांना,” ती म्हणाली. “आणि टाकलेल्याचं काय होतं?”

“नदीत वाहून जातो. पक्षी खातात.”

“कापलेला, साफ केलेला, ताजा मासा वाहून जातो?”

संध्याकाळी बघतो तर कपाट उघडं, पलंगावर आमचे दोघांचे पासपोर्ट, आणि चष्मा लावून ती मुदत वाचत बसलेली. मला बघून म्हणाली, “अहो, आगरी मसाला विमानात चालतो ना?”