वाजंत्र्याची दरखास्त

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत लग्नसराईच्या दिवसांत नवरदेवाला उशीर झाला तर वरात तासभर थोपवून धरता येते, उपाध्याय वेळेवर पोहोचले नाहीत तर मुहूर्तालाही थोडे पुढे सरकण्याची विनंती करता येते, परंतु डीजे आला नाही तर विवाहसंस्थेचाच पाया खचतो, हा आता सर्वमान्य सिद्धांत झालेला आहे. सनई-चौघड्याचा आणि त्यामागून आलेल्या बँडपथकाचा अंमल यथाक्रम संपुष्टात येऊन या मुलखावर ज्या नव्या सत्तेची द्वाही फिरली, तिची सारी सूत्रे दोन गोल चकत्या, काही सरकत्या पट्ट्या आणि पाचपन्नास कळा असलेल्या एका चपट्या पेटीत एकवटलेली असतात. या पेटीस जाणकार मंडळी कंट्रोलर म्हणतात, आणि ती ज्याच्या हाती असते त्याच्याकडे वधूपिताही अदबीने पाहतो.

या पेटीविषयी लोकांत एक मोठा गैरसमज आहे, तो असा की गाणे तिच्यातून निघते. वस्तुतः तिच्यात गाणे नाही, ताल नाही, आणि स्वतःची म्हणावी अशी अक्कलही नाही. ती केवळ टिपणे रवाना करणारा एक इमानी कारकून आहे. १९८३ साली मिडी नावाचा जो संकेत ठरला, त्यानुसार प्रत्येक कळेला एक क्रमांक नेमून दिलेला असतो, आणि पट्टी सरकवली की ० ते १२७ यांच्या दरम्यानचा एखादा आकडा संगणकाकडे धाडला जातो, यापलीकडे तिचे कर्तृत्व नाही. त्या आकड्याचा अर्थ ‘गाणे सुरू करा’ असा घ्यावयाचा की ‘आवाज बंद करा’ असा, हे ठरविण्याचा सर्व अखत्यार संगणकातील सॉफ्टवेअरचा. तात्पर्य, हात वाजंत्र्याचा, पैसा वाजंत्र्याचा, घामही त्याचाच. अर्थ तेवढा दुसऱ्याच्या दफ्तरी.

हे जोवर सुरळीत चालते तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु जुना संगणक एखाद्या हळदीच्या रात्री कायमचा डोळे मिटतो, त्याच्या जागी नवा आणला जातो, दहा-बारा वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेली पेटी त्यास जोडली जाते, आणि मग मालकाच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडते, ज्यात या युगाची सर्व व्यथा सामावलेली आहे : “लाइट तं लागते भाऊ, पन वाजत नाही.” पेटीचा एकही अवयव मोडलेला नसतो, कळा दाबल्या जातात, चकत्या फिरतात, दिवे लुकलुकतात. दोष एवढाच की, पेटी व संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा जो दुभाषी लागतो, तो कंपनीने जुन्या अंमलासाठी नेमलेला असून नव्या अंमलात त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्याचे तिला प्रयोजन वाटलेले नसते. ३२ बिटांच्या काळातला हा दुभाषी ६४ बिटांच्या विंडोजच्या दारातच अडतो. विंडोज ११ची पहारेचौकी त्याची सनद जुनी म्हणून त्यास आत घेत नाही. ॲपलने तर २०१९ साली कॅटलिना ही आवृत्ती काढून ३२ बिटांची अवघी जमातच हद्दपार केली. कधी कधी नेमणूक करणारी कंपनीच उरत नाही. व्हेस्टॅक्स ही या धंद्यातील नामांकित जपानी पेढी २०१४ साली दिवाळखोरीत निघाली, तेव्हा जगभरच्या तिच्या पेट्या एका रात्रीत निराधार झाल्या. यंत्र जुने होऊन मरते हा समज म्हणूनच सोडून द्यावा. हल्ली यंत्र मरत नाही, त्याची दखल घेणे बंद होते.

अशा प्रसंगी सल्लागारांची उणीव नसते. एक म्हणतो, यूएसबीचे छिद्र बदला. दुसरा म्हणतो, संगणक धुऊन काढा. आणि नागपुरातला दुकानदार, ज्याच्या कपाटात नवी पेटी विक्रीस तयार असते, तो अत्यंत निःपक्षपातीपणे सांगतो की हे सर्व टाकून नवे घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार नावाची दगडफेक होते, तीत दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत असे प्रशासनाने एकदा सुचवून पाहिले होते. जुने साधन हातचे सोडावयाचे नाही हा आमच्या लोकांचा बाणा किती पक्का आहे, याचा अनुभव त्या वेळी प्रशासनाला आला, तो आता दुकानदाराला येतो.

कारण कळ आपली आणि अर्थ दुसऱ्याच्या दफ्तरी, हा प्रकार या दोन तहसिलींच्या माणसाला मुळी अपरिचितच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिले, तेव्हापासून येथील रयत घरी मराठीत भांडते व कचेरीत हिंदीत अर्ज करते. तिची बाजारपेठ नागपूर, तिची राजधानी भोपाळ. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून या दोन तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण करण्यात आला, म्हणजे माणसे तीच, शिवार तेच, फक्त दाबलेली कळ कोणत्या कलेक्टरकडे पोहोचावी याची नोंद बदलली. संगणकाच्या परिभाषेत यालाच मॅपिंग म्हणतात. ज्याचे स्वतःचेच मॅपिंग असे वारंवार झाले, त्याला एका पेटीचे करणे काय अवघड!

म्हणून आमचा वाजंत्री हताश न होता प्रथम एवढीच चौकशी करतो की ही पेटी दुभाष्यावाचून बोलू शकते की नाही. पुष्कळ पेट्या बोलू शकतात. कंपनीने कानाडोळा केला तरी संगणकाचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांची टिपणे स्वीकारतो. मग मिक्स नावाचे, लोकांनी बिनमोल लिहिलेले सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते, त्यातील कंट्रोलरच्या यादीत आपल्या पेटीचे नाव शोधले जाते, आणि नाव नसल्यास एकेक कळ दाबून ‘ही सुरू करण्याची, ही कानात ऐकण्याची’ असे जाबजबाब नोंदविले जातात. यात चकतीचे प्रकरण सर्वांत बिकट. अनेक पेट्यांत चकती पुढे फिरली की १ हा आकडा जातो आणि मागे फिरली की १२७. ही खूण सॉफ्टवेअरला आगाऊ समजावून दिली नाही, तर एक पाऊल मागे टाकले असता ते एकशे सत्तावीस पावले पुढे टाकल्याची नोंद करते. सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

त्यानंतर आवाजाची वाटणी : क्रमांक १-२च्या वाटेने वऱ्हाडासाठी, ३-४च्या वाटेने वाजंत्र्याच्या कानासाठी; आणि पेटीतील ध्वनियंत्र हट्टाने अबोलच राहिले तर बाहेरून एक स्वस्त साउंडकार्ड. शेवटी विलंबाचा हिशेब. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने १०२४ नमुन्यांचा साठा ठेवला तर कळ आणि आवाज यांत सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते, २५६ ठेवला तर सहाच्या आत. परंतु साठा फार कमी केला की संगणक दमतो आणि गाणे तडतडू लागते. तेविसाच्या जागी सहा व्हावेत म्हणून रात्र जागविणारा हा तरुण सकाळी दाखल्यासाठी कचेरीत जातो आणि तेथील विलंब महिन्यांत मोजला जातो हे पाहूनही विचलित होत नाही, याला स्थितप्रज्ञता म्हणतात.

एवढ्या तपश्चर्येचे फळ काय? वरात निघते, आणि पाचपन्नास कळांपैकी दोनच कामास येतात : एक गाणे सुरू करण्याची, दुसरी आवाज वाढविण्याची. पैकी दुसरीवर शासनाचे बारीक लक्ष. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मज्जाव केला. आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी मध्य प्रदेशच्या नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी पहिला हुकूम काढला तोही ध्वनिक्षेपकांविषयीचाच. हुकुमाविषयी आमची तक्रार नाही. म्हाताऱ्यांच्या छातीला तो हवाच होता. सरकार आवाज मोजते, कंपनी वय मोजते, आणि वाजंत्री हप्ते मोजतो. संगीत मोजण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपविलेले दिसत नाही.

सबब आमची नव्या जिल्ह्याच्या दरबारी नम्र दरखास्त अशी की, आमच्या जमिनीच्या खसऱ्यात ज्याप्रमाणे शेताचा धनी वारला म्हणून शेत मृत दाखविले जात नाही, त्याप्रमाणे पेटी विकणाऱ्या प्रत्येक पेढीने कोणती कळ कोणता आकडा धाडते याचा उतारा विक्रीच्या दिवशीच सार्वजनिक दफ्तरी दाखल करावा, म्हणजे पेढी बुडाली वा विसरली तरी पेटीची वहिवाट खंडित होणार नाही. ही दरखास्त तीन प्रतींत, हिंदी तर्जुम्यासह सादर करावी लागेल, याची आम्हांस जाणीव आहे. ती मंजूर होईपर्यंत आजची नवी पेटीही जुनी होऊन गेलेली असेल; तेव्हा निदान तिच्या तरी कामास यावी, एवढ्याच आशेने अर्ज केला आहे.