चाळीस अंशांपर्यंतची वॉरंटी

खानदेशात वस्तू घ्यायची जुनी रीत अशी : जळगावचं गोलाणी मार्केट किंवा धुळ्याचा आग्रा रोड गाठायचा, दुकानदाराचा चहा प्यायचा, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करायची आणि मग भाव विचारायचा. वॉरंटी कार्डावर शिक्का मारायला तो हमखास विसरायचा. पण वस्तू बिघडली की थेट त्याच्या काउंटरवर आदळता यायची. ‘काय व्हयनं भाऊ?’ एवढं त्याने विचारलं की निम्मा राग तिथेच उतरायचा.

आता टीव्ही ऑनलाइन येतो. पैसे वाचतात, चहा बुडतो. आमचा टीव्ही ऐन मे महिन्यात काळाठिक्कर पडला, तेव्हा पुस्तिका उघडली. वापरासाठी कमाल तापमान : ४० अंश! धुळ्यात पारा ४५ कडे निघालेला. म्हणजे वॉरंटी वर्षाची, उन्हाळा वजा जाता. पुढे व्होल्टेजचे चढउतार, धूळ, उंदीर, पाली यांनी केलेलं नुकसानही वगळलेलं. मग आमच्याकडे टीव्हीने मरावं तरी कशाने? वार्धक्याने? ते वर्षभरात येत नाही.

विक्रेता म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, विक्रेत्याशी बोला. नाहीतर टीव्ही ‘जवळच्या’ सेवा केंद्रात न्या. ते निघालं जळगावला. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर. एसटीत टीव्हीचं अर्धं तिकीट की पूर्ण, एवढंच विचारायचं राहिलं.

शेजारचे वकीलसाहेब मात्र खुशीत आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. हे सगळं कलमांसकट लिहून पाठवल्यावर जळगावहून मेकॅनिक घाम पुसत हजर झाला. ‘बोर्ड गेला. फार तापला का हो?’ असं त्याने विचारताच बायकोने पुस्तिका उशीखाली सरकवली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

तेव्हा ऑनलाइन खुशाल घ्या. पण विक्रेता अधिकृत आहे का, सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हे आधी बघा. बिल जपा, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा. आणि पुस्तिका वाचायचीच असेल तर हिवाळ्यात वाचा.