सुती फडकी विणण्याबाबत मार्गदर्शक सूचना (भंडारा जिल्ह्यापुरत्या)

सदर सूचना भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांना लागू आहेत. गोंदियाकरांनी 1 मे 1999 रोजी वेगळी चूल मांडली असल्याने त्यांनी आपली फडकी आपल्या जबाबदारीवर विणावीत.

विषय दिसतो तितका साधा नाही. आपल्या घरांत फडकं कोणी तयार करत नसतं. कपडा पायरी पायरीने खाली उतरत त्या पदाला पोचतो. सुती साडी आधी सणाला, मग बाजाराला, मग घरात, मग रोवणीच्या चिखलात. तिथून निम्मी वाकळीच्या अस्तरात जाते आणि निम्मी फाडली जाते. त्यातला बरा तुकडा मसोतं होतो, दोनेक वर्षं चुलीवरचे गरम गंज उतरवतो, काळा पडतो आणि एका सकाळी कोणालाही न विचारता पोतेरं होतो. बनियनचा प्रवास याहून छोटा आणि करुण आहे, त्यात शिरत नाही. मुद्दा असा की या उतरंडीत मधल्या कुठल्याच पायरीला पैसे पडत नाहीत. अशा घरात बाजारातून कोरं सूत आणून, दोन सुयांवर विणून, सरळ फडकंच करायचं म्हणजे माणसाची सेवानिवृत्तीच्याच पदावर नेमणूक करणं. हे ज्याला झेपेल त्यानेच पुढे वाचावं.

आक्षेप व निवारण

पहिला आक्षेप घरातूनच येईल. "घरात एवढ्या चिंध्या पडून रायल्या, आन् हे कायले विणून रायली व माय?" या प्रश्नाला उत्तर नाही. मुलाकडे न्यू जर्सीला राहून आलेल्या एखाद्या काकूंचा दाखला द्यावा. तिकडे असली विणलेली फडकी साबणाच्या वडीसोबत रिबिनीत बांधून भेट देतात, असं त्या सांगतील. त्यावर सासूबाई म्हणतील की तिकडे लोकांना जुन्या साड्या मिळत नसतील, बिचारे. हेही खरंच आहे.

दुसरा आक्षेप शेजारून येईल आणि तो आक्षेप नसून अभिनंदन असेल. आपल्याकडे बाईच्या हातात दोन सुया दिसल्या की त्याचा अर्थ एकच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कोणी स्वेटर विणत असेल तर तो बाळाचाच, याबद्दल गल्लीत दुमत नसतं. सबब नवविवाहितांनी ओसरीवर बसून विणू नये. सकाळी भंडाऱ्यात घातलेले चार टाके संध्याकाळपर्यंत तुमसरच्या आत्याबाईंकडे डोहाळजेवणाच्या तारखेसह पोचतात. विणणारा पुरुष असेल तर शेजारी काहीच बोलत नाहीत. ते जास्त वाईट.

तिसरी अडचण जिल्ह्याच्या इभ्रतीची. आंधळगाव, मोहाडी, पवनी इथे हातमागावर काय विणलं जातं ते आठवावं. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर मंडळी कोशाच्या अळ्या वाढवतात, पाखरं आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. त्या कोशातून निघालेला धागा मागावर चढतो आणि करवतकाठी साडीला तीन धोटे फिरवून असा काठ लावला जातो की त्याचे दाते एकाच उंचीचे, एकाच अंतरावर, पदरापर्यंत चुकत नाहीत. कोष्ट्याच्या घरातली पोर कांड्या भरता भरता सुताला हात लावून ते किती नंबरचं ते सांगते. अशा जिल्ह्यात वीतभर फडकं विणून त्याला 'माझी हस्तकला' म्हणण्याआधी आसपास कोणी कोष्टी नाही ना, हे बघून घ्यावं.

साहित्य

सूत, सुया, कात्री. यांतलं अवघड फक्त सूत.

आपला जिल्हा धानाचा. कापूस वर्धा-यवतमाळकडचा, आणि दुकानात 'लोकर' म्हणून जे रंगीत गुंडे टांगलेले असतात त्यांचा बहुतेक वेळा मेंढीशीही संबंध नसतो आणि कापसाशीही. ते ॲक्रेलिक असतं. त्याचं फडकं दिसतं सुंदर, पण ओट्यावरचं पाणी पुसायला गेलं की पाणी फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातं. गरम गंज त्याने धरला तर ते वितळतं आणि हाताला चिकटतं. म्हणून खरेदीच्या वेळी बोटभर धागा मागून घ्यावा आणि घरी येऊन पेटवून पाहावा. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सूत. आकसून काळा कडक मणी झाला तर प्लास्टिक. ही परीक्षा दुकानातच करू नये. दुकानदार समजूतदार असला तरी त्याच्या मागे कपाटभर लोकर असते.

क्रोशाचा दोरा सुती असतो, पण बारीक आणि चकचकीत. त्याचं फडकं विणायला घेतलं तर ते पूर्ण होईपर्यंत ओटाच बदललेला असेल. मागाचं सूत मिळालं तर उत्तम. तेही बारीकच, म्हणून त्याचे पाच-सहा पदर एकत्र घेऊन विणावं. किराणा दुकानात पुड्या बांधायला जो पांढरा दोरा रिळावर असतो तोही चालतो, आणि भंडाऱ्यातल्या एका पिढीने त्याच्यावर टाके घालायला शिकल्याचं ऐकिवात आहे.

सुया 8 नंबरच्या घ्याव्यात. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. 10 नंबर मागितल्या तर जास्त जाड येतील असं समजू नये, बारीक येतील. सुताचंही तेच. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर, त्यामुळे 40 नंबरचं सूत 20च्या निम्म्या जाडीचं... म्हणजे वजनाने निम्मं. थोडक्यात, या शास्त्रात नंबर वाढेल तसं सगळं बारीक होत जातं, विणणारा सोडून. पूर्वी सायकलच्या आऱ्यांवर विणणाऱ्या बाया होत्या. आरी जेमतेम 2 मिलिमीटरची. तिच्यावर जाड सूत विणलं तर फडकं पाणी पीत नाही, नुसतं ताठ उभं राहतं.

कृती

चौकोनी फडकं सरळ विणायला घेऊ नये. आधी किती टाके घालायचे याचा हिशेब चुकतो आणि सूत मध्येच संपतं. कोपऱ्यापासून विणावं.

सुईवर 4 टाके घालावेत आणि एक ओळ सुलट विणावी. यापुढे प्रत्येक ओळीत 2 सुलट, मग दोरा पुढे घेऊन एक जाळीचा टाका, आणि उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढत जातो. उलट टाका कुठेच नाही. 44 टाके झाले की थांबावं. इथवर वाढीच्या 40 ओळी झाल्या. आता उतरणीला लागावं: 1 सुलट, 2 एकत्र, दोरा पुढे, 2 एकत्र, उरलेले सुलट. आणखी 40 ओळींनी पुन्हा 4 टाके उरतात, ते बंद करावेत. जाड सुताचं असं फडकं साधारण वीतभर होतं, कडेने आपोआप जाळी पडते आणि पाहणाऱ्याला वाटतं की तुम्हाला बरंच काही येतं.

सूत पुरेल की नाही अशी शंका असेल तर टाके मोजूच नयेत. गुंडा आधी तोलून ठेवावा आणि निम्मा संपला की घट सुरू करावी. चढायला जेवढं लागलं तेवढंच उतरायला लागतं. सराफाचा काटा यासाठी मागू नये. एकदा मागितला की सोनं मोडायला आलात, असं तो धरून चालतो.

सगळे टाके सुलटच का, असं विचारणारे निघतात. एक सुई सुलट, एक सुई उलट विणलं की कापड पुढून गुळगुळीत होतं आणि चारही बाजूंनी गुंडाळू लागतं, कारण दोन्ही अंगांच्या फंद्यांचा ताण सारखा नसतो. सगळं सुलट विणलं तर दोन्हीकडे आडव्या वळ्या उमटतात, कापड सपाट पडतं आणि वाळलेला भात खरवडायला त्या वळ्याच कामाला येतात. शिवाय सुलट टाका न पाहता घालता येतो. हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात महत्त्वाचा आहे, कारण विणायची खरी जागा म्हणजे झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर मंडई भरली की लाखांदूर-पवनीकडे गावोगाव मांडव पडतात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडायला आलं की संपतं. थंडी असते, त्यामुळे सुया बघून कोणाला संशय येत नाही. फक्त खलनायकाच्या प्रवेशाला हात घट्ट होतो आणि आईच्या मरणाला सैल. त्या रात्रीच्या फडक्याकडे बघून तिसरा अंक कुठे लागला ते सांगता येतं.

वापर

खरी परीक्षा इथून. विणलेलं फडकं कोणी वापरत नाही.

झालं की सगळे हातात घेतात, उलटंपालटं करतात, "किती छान" म्हणतात आणि रिमोटखाली ठेवतात. तिथून ते मिक्सरवर जातं, मग पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्यातल्या टीपॉयवर. घरात लग्नाची मुलगी असेल तर थेट रुखवतात, क्रोशाच्या बदकाशेजारी. तेव्हा विणकाम संपल्याच्या क्षणी, कोणी कौतुक करण्याच्या आत, ते बाटवावं. फोडणीचं तेल आणि हळद सर्वांत खात्रीशीर. हळद लागलेल्या फडक्याला कोणी टीपॉयवर ठेवत नाही.

नंतर साबणाने धुतलं की तो पिवळा डाग एकदम लाल होतो. घाबरू नये. साबणाच्या खाराने हळदीचा रंग बदलतो. ओलंच उन्हात टाकावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, आणि ऊन ही आपल्या जिल्ह्यात टंचाई नसलेली वस्तू आहे. पण डाग अगदी साफ निघू देऊ नये. थोडा पिवळेपणा राखावा, नाहीतर फडकं पुन्हा मिक्सरवर जाईल.

भांड्यांच्या बाबतीत विशेष सूचना. आपलं भंडारा शहर पितळेचं. स्टीलने आणि प्लास्टिकने तांबटांचा धंदा खाल्ला तरी जुन्या घरांत अजून पितळी गुंड, घागर, परात निघतेच, आणि दिवाळीला ती चिंच लावून घासली जाते. पितळ घासलेलं फडकं काळंहिरवं होतं ते कायमचं. त्याने पुन्हा स्टीलचं ताट पुसलं तर ताटही काळं. म्हणून पितळेचं फडकं वेगळं विणावं, काळ्या सुताचंच. राख लावायची असेल तर धानाच्या तुसाची. राइस मिलच्या या जिल्ह्यात ती फुकट मिळते, आणि तिच्यातली सिलिका पितळ चांगलं घासते. फडकंही तितकंच चांगलं घासते, हे ध्यानात असू द्यावं.

भांडी घासायला मावशी येत असतील तर अंतिम निर्णय त्यांचा. त्या फडकं दोन बोटांत धरतील, "हे काऊन ठेवलं?" असं विचारतील, बाजूला ठेवतील आणि तारेची घासणी मागतील. आग्रह करू नये. फडकी पुष्कळ विणता येतात.

अंग घासायच्या फडक्याबद्दल थोडक्यात. तेच फडकं, मऊ सुताचं, जरा सैल विणलेलं. त्याला प्रतिस्पर्धी एकच, कुंपणावर वाळलेलं घोसाळं. ते फुकट येतं, दरवर्षी येतं, दोन्ही बाजूंनी घासतं आणि त्याला कोणी टाके घालायला लागत नाहीत. या स्पर्धेत फडकं हरतं. लहान बाळांपुरतं मात्र फडकं बरं. घोसाळ्याने बाळाला घासू पाहणाऱ्याला आजी घरातून काढेल.

निगा

सूत ओलं असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतं. त्यामुळे पिळताना दयामाया करू नये. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून उकळावं. तेवढं ॲक्रेलिकला जमत नाही. उन्हाळ्यात दोरीवर टाकून आत येईपर्यंत फडकं वाळतं. पावसाळ्यात जिल्ह्यात सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा फडक्यात राहतो. श्रावणात ते आंबूस वास मारू लागलं की चुलीच्या किंवा गॅसच्या उबेला टांगावं. देवघराच्या दिशेने टांगू नये. तिथे वासावरून आणि सोवळ्यावरून एकाच वेळी बोलणी बसतात.

एक दिवस भोक पडेल. तेव्हा सासूबाई, इतके महिने राखून ठेवलेल्या समाधानाने, फडक्याचं आता काय करणार ते विचारतील. साडीचं फडकं फाडून त्याच्या पट्ट्या करता येतात, दोरी वळता येते, कंदिलाची काच पुसता येते. विणलेलं फडकं फाटत नाही, उसवतं. शेवटच्या टाक्याचं टोक सोडून ओढत जावं. जिथे विरलं असेल तिथे तुटेल आणि हातभर लांबीचे तुकडे निघतील. त्यांचं पुन्हा विणकाम होत नाही, पण जूनमध्ये घोसाळ्याचा वेल कुंपणाला बांधायला हातभर तुकडेच लागतात. वेल वर चढला की सासूबाई या फडक्याबद्दल पहिल्यांदा बरं बोलतील, अशी अपेक्षा आहे.