व्हीलचेअरला खुले पत्र

प्रति,
श्रीमती व्हीलचेअर,
प्रस्थान कक्ष, सर्व विमानतळ

विषय : धडधाकट पायांच्या अंध प्रवाशांची वाहतूक

अंध प्रवाशाला विमानतळावर मिळणारी मदत बहुधा चाकांवरून येते. हातात पांढरी काठी दिसली की व्हीलचेअर हजर. प्रवाशाने चालता येत असल्याचे सांगितले, तर तसा नियमच असल्याचे त्याला कळवण्यात येते. नियम दाखवला मात्र जात नाही.

वास्तविक विमानसेवेच्या सांकेतिक भाषेत या गोंधळाला जागा नाही. अंध प्रवाशाच्या आरक्षणावर 'बीएलएनडी' अशी खूण पडते, लांबवर चालू न शकणाऱ्याच्या आरक्षणावर 'डब्ल्यूसीएचआर'. संगणकाला हा फरक समजतो. काउंटर ते गेट या वाटेत तो कुठेतरी सांडतो. खुर्चीची सोयही मोठी : प्रवासी वेगाने हलवता येतो, त्याच्याशी बोलावे लागत नाही आणि गेटपाशी ठेवून निघून जाता येते. याउलट सोबत करायची तर अंध व्यक्ती वाटाड्याच्या कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागे चालते. वाटाड्याने तिला ओढायचे नसते. जिना आला की चढ आहे की उतार, एवढे सांगायचे असते. हे शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार सापडणे कठीण.

अंध प्रवाशाला कमी पडते ती माहिती, आणि ती दिवसेंदिवस काचेमागे चालली आहे. मुंबईसह अनेक विमानतळ 'सायलेंट' झाले. सर्वसाधारण घोषणा आवरल्या, बदललेले गेट पडद्यावर झळकते. डोळसांच्या कानांना आराम मिळाला. चेक-इनचे किऑस्क सपाट टचस्क्रीनचे असतात, बोटाला तिथे काहीच लागत नाही. अमेरिकेने 2013 मध्ये नियम केला आणि प्रत्येक ठिकाणचे किमान चतुर्थांश किऑस्क सुगम्य करण्यासाठी विमानकंपन्यांना सुमारे दहा वर्षांची ऐसपैस मुदत दिली. विमानाच्या आत युनायटेड एअरलाइन्सने 2023 मध्ये रांगांचे क्रमांक आणि स्वच्छतागृहातील खुणा ब्रेलमध्ये लावायला सुरुवात केली. विमानाचा शोध लागण्याआधी पाऊणशे वर्षे ही लिपी तयार होती, हे येथे नमूद केलेले बरे.

भारतात कागद कमी नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही, वाटाड्या कुत्र्यालाही केबिनमध्ये जागा आहे. प्रवाशाने मदतीची गरज 48 तास आधी कळवावी, एवढीच अपेक्षा. कळवल्यावर येते ती खुर्चीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याखालच्या नियमावलीतील एका नियमाने मात्र सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशींच्या पातळीवर ठेवले. स्वतः दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष आखण्यासाठी सरकारला तीन महिने दिले.

सबब, गुडघ्यांनी साथ सोडलेले प्रवासी काउंटरपाशी ताटकळत असताना व्हीलचेअरने चालत्या माणसांमागे धावू नये, ही विनंती. कळावे.

प्रत माहितीस्तव : टचस्क्रीन किऑस्क (मोठ्याने वाचून दाखवावी)