न विचारण्याची काटकसर

युरोपीय संघात, म्हणजे स्वेच्छेने एकत्र आलेल्या राष्ट्रांच्या संघटनेत, प्रवेशापूर्वी सार्वमत, म्हणजे एकाच प्रश्नावर मतदारांचा थेट कौल, घेण्याची खर्चिक खोड अनेक देशांना जडलेली असून, नॉर्वेने १९७२ मध्ये (तेव्हाच्या युरोपीय समुदायाला) आणि १९९४ मध्ये अशा दोन्ही वेळी नकार देऊन तिच्यातील धोका सिद्धच केला आहे. तेलंगणातील मंचेरियलच्या बाबतीत असला धोका कोणी पत्करला नाही. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर हैदराबाद राज्याच्या विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने कौल दिला तरच तेलंगणाचे आंध्रात विलीनीकरण व्हावे, ही राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाची शिफारस बाजूला सारून १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश उभा राहिला. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळा झाला, २०१६ मध्ये मंचेरियल आदिलाबादपासून वेगळे होऊन स्वतःच जिल्हा झाले, आणि गोदावरीकाठच्या या गावाला जागचे न हलता तीनदा पत्ता बदलण्याचे भाग्य लाभले. युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समधील मुख्यालयानेही यापुढे नकाशा आधी छापून रहिवाशांना तो टपालाने कळवावा, हेच श्रेयस्कर. लोकेच्छेची येथे उपेक्षा होते, असे मात्र कोणी म्हणू नये. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, महाराष्ट्राच्या जिवती तालुक्यातील ज्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, तेथे एकाच घरात दोन शिधापत्रिका नांदतात, मतदान दोन्ही राज्यांसाठी होते, आणि राज्य कोणते हवे एवढे वगळता मतदाराला सर्व काही दोनदा विचारले जाते.