शिंपी होता की कस्तूर?

पन्नाशीत माणसाला एकतर भजनाचा नाद लागतो, नाहीतर पक्ष्यांचा. माझा सूर लागत नाही, म्हणून दुर्बीण घेतली.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये नारिंगी डोक्याचा कस्तूर दिसल्याची वार्ता आमच्या गटात आली, फोटोसकट. मैनेएवढा पक्षी. डोकं नि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी आणि पांढऱ्या गालांवर दोन उभे काळे ओघळ, पाठवणीत रडून काजळ उतरलेल्या करवलीसारखे. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच मी तिकिटाच्या खिडकीशी हजर. जूनची भुरभुर चालू होती. कस्तूर खरा गातो तो पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत.

पण या गवयाची खोड अशी, की तो दुसऱ्यांच्या चिजा उचलतो. बुलबुल, शिंपी, सातभाई, कुणाचीही तान आपल्या गाण्यात बेमालूम बसवतो. त्यामुळे झाडीतून शिंप्याचा आवाज आला की मी वहीत 'शिंपी' लिहायचो, मग 'शिंपी?' करायचो आणि दहा मिनिटांनी खोडून 'कस्तूर??'. पाऊण तासात बागेतल्या एकाही पक्ष्यावर माझा विश्वास उरला नाही.

तेवढ्यात बांबूच्या बेटाआडून लांबलचक, गोड शीळ आली. मी श्वास रोखून, चिखलातून जवळजवळ रांगत गेलो. पलीकडे एक आजोबा शीळ घालत छत्री झटकत उभे.

"काय हरवलंय?"

"कस्तूर."

"अरेरे. केवढी आहे?"

त्यांची समजूत घालतोय तोवर खराटा टेकवून माळीबुवा म्हणाले, "तांबड्या डोक्याचा ना? पाचोळा उलटतो तो? आत्ता तुमच्या मागंच होता की. तुम्ही वर बघत होता."

कस्तूर जमिनीवर उतरून पानं उलटीपालटी करत किडे-गांडुळं टिपतो, हे मी पुस्तकात अधोरेखितसुद्धा केलेलं आहे. पण गळ्यात दुर्बीण पडली की मान आपोआप वर जाते, त्याला कोण काय करणार!

"हा कोपरा मी झाडतच नाही," माळीबुवा म्हणाले. "झाडला की तो येत नाही."

मग तासभर मी आणि आजोबा, दोघेही पाचोळ्याकडे टक लावून बसलो. वहीतली नोंद अशी: कस्तूर शून्य, शिंपी तीन, पैकी दोन संशयित.

तुम्ही गेलात तर वर बघू नका. आणि तो पाचोळा तेवढा तुडवू नका.