कोपरा दुमडला, जग बुडालं

पुठ्ठा विकायला आहे. आत डिस्क नाही, डबी नाही, सिनेमा तर नाहीच. ब्लू-रेच्या डबीवर जी पुठ्ठ्याची खोळ चढवतात ती, तेवढीच. आणि घ्यायला गिऱ्हाईक आहे. सुपरहिरोंच्या डिस्का जमवणारी अमेरिकेतली मंडळी तिला स्लिपकव्हर म्हणतात. ते बहुधा पहिल्या छपाईलाच मिळतं. ज्याला उशीर झाला त्याच्या घरी फोर-के आहे, छतातून घुमणारा आवाज आहे, पण पुठ्ठा नाही. त्याला झोप कशी लागावी?

या खोळीवर चित्र असतं ते बहुतेक वेळा आतल्या डबीवरचंच. हिरो तोच, फुगवलेली छाती तीच, मागे जळणारं शहरही तेच. वरचं जरा चमकतं, इतकंच. मग ही खोळ खराब होऊ नये म्हणून तिच्यासाठी प्लास्टिकची पारदर्शक खोळ मिळते, वेगळे पैसे मोजून. म्हणजे सिनेमा डिस्कवर, डिस्क डबीत, डबी पुठ्ठ्यात, पुठ्ठा प्लास्टिकमध्ये आणि हे सगळं काचेच्या कपाटात. आमच्याकडे जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालत, पण कव्हराला कव्हर घालण्याइतकी प्रगती झाली नव्हती. शिवाय वही निदान उघडावी लागे. न्यू जर्सीतला माझा भाचा डबीचं सीलसुद्धा फोडत नाही. सिनेमा बघावासा वाटला की फोनवर बघतो.

परवा त्याचा रडवेला फोन आला. पार्सलमध्ये खोळीचा वरचा उजवा कोपरा दुमडला होता. मी विचारलं, "डिस्क चालते ना?" पलीकडून उत्तरच येईना. अरे, त्याच सिनेमाच्या शेवटच्या अर्ध्या तासात अख्खं शहर जमीनदोस्त होतं, पूल कोसळतात, बस हवेत उडतात, माणसं किती मेली याची हिरोलाही फिकीर नसते, तेव्हा हा पठ्ठ्या पॉपकॉर्न खात होता. कोपऱ्यासाठी मात्र शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, दुकानाला पत्र, बदली प्रत. बदली आली, कोपरा कसा काटकोनात. पण कण्यावरचं नाव आधीच्या भागापेक्षा केसभर वर छापलेलं! कपाटात ओळ बिघडली. तीही परत. पत्र्याची डबी घ्यावी, म्हणजे ते स्टीलबुक, तर त्याला पोचा. पोचा नसेल तर मागे डकवलेला कागद निघतो, पण गोंद मागे राहतो. मग तो गोंद अंगठ्याने हळूहळू चोळत रविवार काढायचा.

आतल्या मालाची, म्हणजे बोनस फीचर्सची गोष्ट लवकर उरकेल, कारण मालच तेवढा उरलाय. फोर-के डिस्कच्या पोटात 100 जीबीपर्यंत जागा, जोडीच्या ब्लू-रेत 50. त्यात काय भरतात? नट वाक्य विसरून हसतात ती दोन-तीन मिनिटं, कापले ते बरंच झालं असे प्रसंग, आणि 'आम्ही सगळे एक कुटुंबच' असं सांगणारे बारा चेहरे. वर एखादी मुलाखत या दुकानाच्या खास प्रतीत, दुसरी त्या दुकानाच्या. खऱ्या भक्ताने दोन्ही घ्यायच्या.

या कुटुंबातला एक भाऊ मात्र कॅमेऱ्यासमोर कधीच येत नाही. हिरोला उचलणारे दोर पुसणारा, त्याच्या केसांची कड हिरव्या पडद्यापासून सोडवणारा, सेकंदाला 24 फ्रेम, एकेक करून. 'रोटो-पेंट' म्हणतात ते हे काम ढिगाने आपल्याकडे येतं. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईतली पोरं डेडलाइनसाठी रात्र-रात्र मान मोडून बसतात. नाव आलंच तर मुंगीच्या अक्षरात, प्रेक्षक पार्किंगमध्ये पोचल्यावर. आणि सोफ्यावर रेललेला दिग्दर्शक सांगतो, आम्ही होईल तितकं खरंखुरं चित्रित केलं. खरंखुरं! त्या पोराची पाठ तेवढी खरीखुरी दुखते. कोपऱ्यासाठी पत्रं धाडणाऱ्या एकाही भक्ताने याची अर्ध्या तासाची फिल्म मागितलेली माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं मी भाच्याला तावातावाने ऐकवलं. त्याने मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "मामा, हे कुठल्या दुकानाच्या प्रतीत आहे?"